धक्क्यावरची दारू

शिपायांनी पहिलं पिंप जहाजावरून खाली उतरवलं आणि जोसाया पेल खाणावळीतून डोक्यावर टोपीही न घेता धक्क्याकडे धावत सुटला.

त्या पिंपांत बंदुकीची दारू होती. अमेरिकेत इंग्रजांविरुद्ध बंड पेटलं होतं, पण बंडवाल्या पलटणींना बंदुकीत भरायला काही उरलं नव्हतं. पेलचा धाकटा भाऊ रिकाम्या बंदुकीचा दंडुका करून लढला आणि तसाच पडला. म्हणून पेल फ्रान्सला आला होता, गुपचूप खरेदी करायला. फ्रान्सचा राजा तोंडाने नाही म्हणे आणि डोळे मिटून घेई. ल्वार नदीवरच्या या बंदरात माल जहाजावर चढलासुद्धा. पण डोलकाठी तडकली आणि दुरुस्ती संपता संपेना. पेलला अन्न गोड लागेनासं झालं. दिवसभर खिडकीपासून दारापर्यंत येरझारा. खाणावळीची मालकीण, विधवा गुलवेन, म्हणायची की काठी दुरुस्त होईपर्यंत माझी फरशी मात्र झिजून जाईल.

आणि आज हे. व्हिटलॉक नावाचा एक इंग्रज लोकरीचा व्यापारी म्हणून तिथे राहत असे. तो कुणाचं मीठ खातो ते सगळ्या बंदराला ठाऊक होतं. त्याने चुगली केली, इंग्रज राजदूताने पॅरिसमध्ये आदळआपट केली आणि वरून हुकूम आला.

हुकूम बजावायला बंदराचा अधिकारी केरदानिएल स्वतः उभा होता. कालपर्यंत पेल दिसला की हा माणूस टोपी काढायचा. आज त्याने ओळखही दाखवली नाही. पेलने हात जोडले, दोन दिवसांची सवलत मागितली, मेलेल्या भावाचं नाव काढलं.

केरदानिएल साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात आमचा राजा पडत नाही, मस्यू. माल गोदामात जाईल."

पेलने त्याच्या तोंडावर ठोसा मारला.

ओठ फुटला. शिपायांनी पेलला दगडी फरशीवर दाबून धरलं. गाल जमिनीला टेकलेल्या अवस्थेत त्याने एकेक पिंप गोदामात घरंगळत जाताना पाहिलं, आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. समोरच्या कॉफीच्या दुकानात व्हिटलॉक पाय पसरून बसला होता. दाराला कुलूप पडलं, त्यावर लाखेची मोहोर उमटली, तेव्हा कुठे तो उठला. जाता जाता पेलपुढे त्याने अदबीने टोपी उचलली. मग बग्गी मागवून तो ही खुशखबर द्यायला पॅरिसच्या रस्त्याला लागला.

पेलला चौकीत कोंडलं. तिथेही त्याचे पाय थांबले नाहीत. इकडून तिकडे, तिकडून इकडे. घरी काय तोंड दाखवायचं, हेच डोक्यात.

दिवस कलल्यावर केरदानिएल आला. त्याने स्वतः कुलूप काढलं. बाहेरच्या शिपायाला त्याने लांब पाठवलं आणि बाकावर बसून सुजलेला ओठ चाचपला.

"हात जड आहे तुमचा," तो म्हणाला. "पण बरं झालं. आधी सांगितलं असतं, तर तुम्हाला असं रडता आलं नसतं."

"काय सांगितलं असतं?"

"त्या गोदामाला नदीच्या बाजूनेही एक दार आहे, मस्यू. तुमची दारू होड्यांत भरून केव्हाच पुढे गेली. नदीच्या मुखाशी दुसरं जहाज उभं आहे."