झालं बधिर

बोईसरच्या दवाखान्यात पाम गावच्या अंकुशला तिसरं इंजेक्शन देऊन डॉक्टरांनी दाढेवर हलकेच ठोकलं. तो खुर्चीतून उडालाच.

"अजून बधिर नाही?" डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. "खरं सांग, पूर्वी गर्द, गोळ्या, कसली नशा करायचास का? कधीकधी त्यामुळे इंजेक्शन लागू पडत नाही. तसं असेल तर मला वेगळं काही बघावं लागेल."

अंकुशनं दाराकडं पाहिलं. चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली सपना त्याचं कंपनीचं हेल्मेट मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती.

"नाय," तो म्हणाला. मग घाईनं, "आता झालं बधिर. काढा तुमी."

डॉक्टरांनी पुन्हा ठोकलं. तो हलला नाही. चिमट्यानं दाढ धरली तेव्हाही हलला नाही. फक्त खुर्चीच्या हातांवरची बोटं पांढरी पडली आणि डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात गेलं.

"थांबा, डॉक्टर!" सपना उठून आली. "काय बी बधिर नाय झालं. गोळ्या खायचा तो. सोडून चार वरसं झाली."

चिमटा बाहेर आला. अंकुश तिच्याकडं बघतच राहिला. "तुला कोणी सांगितलं?"

"तुज्या आयनं. साखरपुड्याच्या आदीच." तिनं त्याची बोटं खुर्चीवरून सोडवून आपल्या हातात घेतली. "तू कदी सांगतोस, त्याची वाट बगत होती मी."

"आता खरं बोल," डॉक्टर म्हणाले. "दुखतंय का?"

अंकुशनं उत्तर सपनाला दिलं.

"जाम दुखतंय."