उरलेली रोटी

फौजेत जायला निघताना मुरादनं रोटीचा एक चावा घेतला होता. उरलेली सनोबरनं, फरगाण्यातल्या आया टांगतात तशी, खिळ्याला टांगली. परतल्यावर लेकानंच संपवायची. त्याचं विमान डोंगरावर आदळलं. आज त्याच्या वर्षाचं जेवण झालं. नणंद म्हणाली, “रोटी उतरव आता. पाखरांना घाल.” सनोबरनं उतरवली. दारात मुरादचा वैमानिक दोस्त इल्हाम तळावर परतायला बूट चढवत होता. “तू निघालास तेव्हा कुणी टांगली रे?” “कुणी नाही, खाला. अनाथाश्रमात कोण टांगणार?” तिनं रोटी पुढं धरली. “चाव.” “ही मुरादची.” “माहितीये. दगड झालाय तिचा. दात पडला तर माझ्या नावानं बोंबलू नकोस.” इल्हामला हसू फुटलं, मग तोंडच उघडेना. अखेर मुरादच्या चाव्याशेजारी त्यानं दात रोवले. रोटी परत टांगत ती म्हणाली, “उरलेली तू संपवायचीस. त्याच्यासारखा उशीर करू नकोस.”