आता कितीनं?

भर दुपारी माजघरातून आवाज आला, "आबा, आता कितीनं?"

उत्तमराव मास्तरांनी मान वर केली नाही. पोराला, सटवाजीला, जाऊन महिना होत आला होता आणि ही हाक त्यांना रोज येत होती. बायकोला त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

ओसरीवर हळद निवडणाऱ्या पार्वतीबाईंचा हात सुपातच थांबला.

"पोरगं इचारून राहिलं," त्या म्हणाल्या. "तुमाला बी येतंय न्हवं ऐकू?"

मास्तरांनी हळूच मान हलवली.

वसमतच्या शाळेत निजामाच्या उर्दूतून गणित शिकवणाऱ्या बापाचं हे एकुलतं एक पोरगं. मुदतीच्या तापात त्यानं एक संख्या धरली होती. ओळीनं सात एक. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. ही मूळ संख्या, की हिला कुणी भागतं? आबांनी भाजक सांगायचा, पोरानं डोळे मिटून मनात भागाकार करायचा. तिनानं जात नव्हती, सातानं नव्हती, अकरानं नव्हती. वैद्य म्हणाले, बोलू देऊ नका. पण आकड्यांत पोरगं कण्हायचं विसरत होतं, म्हणून मास्तर पुढचा भाजक सांगत राहिले.

दोनशे तेहेतीसला ते फार वेळ थांबलं. मग ओठ हलले. "न्हाई जात. एकशे सदुसष्ट उरले. आबा, आता कितीनं?"

मास्तर पाणी पाजायला तांब्याकडे वळले. वळून पाहिलं तर पोरगं गेलं होतं.

"सांगून टाका की त्याला," पार्वतीबाई म्हणाल्या. "लेकरू अडकून पडलंय."

"सांगितलं आन् भाग गेला, तर मंग काहून येईल तो?"

"म्हणून तसंच ताटकळत ठेवता का? तुमी बाप हाव त्याचे."

मास्तर उठले. कोनाड्यातली पाटी घेऊन ओसरीवर बसले. सात एक लिहिले, डाव्या हाताला पुढचा भाजक, दोनशे एकोणचाळीस. चार वेळा गेला, सहा वेळा, पुन्हा चार. शेवटी उरले दोन हजार एकशे एक्कावन्न. नऊ वेळा. खाली काही उरलं नाही.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. एवढंच राहिलं होतं. पोराला आणखी एक भाजक मिळाला असता तर.

ते माजघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आत अंधार होता. वर्गात सांगावं तसं सावकाश त्यांनी सांगितलं, "दोनशे एकोणचाळीसनं जाते, सटवा. बराबर जाते. मूळ न्हाई ती. संयुक्त हाय."

आतून काही आलं नाही. पार्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मास्तर सकाळच्या शाळेतून आले की चपला न काढता तसेच ओसरीवर बसून राहत.

चौथ्या दिवशी पार्वतीबाईंनी सूप बाजूला सारलं. माजघराच्या दाराकडे पाहत राहिल्या. मग नवऱ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या,

"अवं, त्याच्याहून मोठा आकडा न्हाई का तुमच्यापाशी?"