बशीतल्या टाचण्या

गिऱ्हाईक स्टुलावर उभं होतं, झग्याची दुमड अर्धी टाचून झाली होती आणि तिने तोंडातल्या चारही टाचण्या काढून बशीत ठेवल्या. ओठ मिटून श्वास पुरेना. तोंड उघडून थोडी हवा घेतली, तेव्हा कुठे बरं वाटलं. सातवा महिना होता. कोपऱ्यात काजं करत बसलेल्या मावशीने सुईवरची नजर न काढता धीर दिला, की अगं, दोन जिवांची बाई, धाप लागायचीच. तुझ्या आईलासुद्धा लागायची.

मावशी सहज बोलून गेली. पण ते ऐकून तिचा हात बशीवर तसाच राहिला.

बशी आईची होती. निळ्या काठाची, जोडीचा कप कधीच फुटलेला. आईने याच दुकानात, याच मशीनवर आयुष्य काढलं, तेही तोंडात टाचण्या धरून. लहानपणी तिला त्या टाचण्यांचा भारी राग यायचा. शाळेतून धावत येऊन काही सांगावं, तर आईचं आपलं ‘हं’. पहिला नंबर आला? हं. बाईंनी मारलं? हं. गुडघा फुटला? हं, फक्त जरा लांबलेला. एकदा तिने टाचण्यांची अख्खी डबी गटारात ओतली. पाठीत धपाटा मिळाला आणि दुसऱ्या दिवशी नवी डबी आली.

मग ते दीड महिन्याचे दिवस आले. ती सहा वर्षांची होती आणि घरात बाळ येणार होतं. आई एकाएकी टाचण्या बशीत ठेवायला लागली. चला, तोंड मोकळं झालं! आई बोलायला लागली, गोष्टी सांगायला लागली. गोष्ट सांगता सांगता ऐन रंगात थांबायची. राजाने दार उघडलं... आणि... मग गप्प. आई मुद्दाम ताणतेय, लबाड आहे, असं वाटून ती आईच्या मांडीवर थापा मारायची, सांग ना, पुढे काय झालं. आई तोंड उघडं ठेवून हसायची. इतकी गोड आई तिला त्याआधी कधी मिळाली नव्हती. मग एका दुपारी आईला दवाखान्यात नेलं. आई परत आली नाही, बाळही आलं नाही. पुढची पंचवीस वर्षं तिने ते दीड महिने लिमलेटच्या गोळीसारखे पुरवून पुरवून चघळले होते.

झगा उलटा केला की आतली शिवण दिसते. तिला आता ती दिसत होती.

“मावशी, आई टाचण्या बशीत का ठेवायला लागली होती गं?”

मावशीची सुई थांबली. मग हळूच म्हणाली, की डॉक्टर म्हणाले होते, असं होतंच म्हणून. आम्हीही तेच म्हणत राहिलो.

गिऱ्हाईकाला उद्या यायला सांगून ती निघाली. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. वाटेत तीनदा थांबली.

डॉक्टरीणबाईंकडे ही तिची तिसरी खेप. बाई वाईट नव्हत्या, पण बाहेर तीस जणी बसलेल्या. पहिल्या खेपेला त्या म्हणाल्या होत्या, पोट वर चढतं, धाप लागणारच. दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, जिने कमी चढा, चिंता सोडा. आताही त्यांनी मान वर न करताच कागद ओढला आणि विचारलं, परत तेच का.

“धाप लागते असं मी म्हणतच नाही. ते तुम्ही दोनदा ऐकलंय,” ती म्हणाली. “तुम्ही फक्त घड्याळ बघा.”

तिने ओढणीच्या टोकाला टोचलेल्या चार टाचण्या काढल्या, ओठांत धरल्या आणि तोंड मिटलं. बाईंचं पेन अर्ध्यावर थांबलं. सेकंदकाटा जेमतेम सात घरं सरकला आणि टाचण्या टपटप केसपेपरवर पडल्या. तिचं तोंड उघडं होतं, आवंढा गिळायलाही सवड नव्हती.

बाईंनी विचारलं, आधी किती वेळ धरायचात.

“सकाळी दुकान उघडलं... की जेवणापर्यंत. वीस वर्षं.”

बाई खुर्चीवरून उठल्या. आजवर नळी पोटावरच फिरली होती, ती आज पहिल्यांदा छातीवर टेकली. खूप वेळ टेकून राहिली. बाईंनी विचारलं, झोपताना उशा किती. ती म्हणाली, तीन, आणि तरी बसूनच. मग बाईंनी स्वतः फोन लावला, मोठ्या इस्पितळाला, आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, की हे मी पहिल्याच खेपेला ऐकायला हवं होतं. तिथे तपासलं, तर हृदयाची एक झडप अरुंद निघाली. आईचंही तेच होतं का, हे आता कोण सांगणार. पुढचे दोन महिने तिने इस्पितळाच्या खाटेवर छत मोजत काढले, आणि मुलगी झाली. झडपेचं काम मागाहून झालं.

मुलगी आता पाच वर्षांची आहे. बापाच्या वळणावर गेलीय, बडबडी. आज शाळेतून आली ती दप्तर फेकून थेट मशीनपाशी. मैत्रिणीशी कट्टी झाली होती, का झाली ते सगळं सांगायचं होतं. सांगून झालं आणि तिचा पारा चढला.

“आई, तू नुसतं हं हं करतेस. माझ्याशी बोलतच नाहीस,” ती म्हणाली, आणि फळीवरची निळ्या काठाची बशी काढून तिने पुढे केली. “त्या तोंडातल्या टाचण्या यात ठेव ना.”

काजं करता करता मावशीने डोळ्याला पदर लावला.

तिने बशी हळूच बाजूला सारली, नाकाने एक लांबलचक श्वास घेतला आणि म्हणाली, “हं.”