झोळीची दोरी
झोळीची दोरी चार वर्षांच्या मुलीच्या हातात होती आणि दारात बालवाडीच्या बाई उभ्या होत्या. “तुमच्याकडे नुसती गाणी म्हणतात,” आजी म्हणाली, “बाळाला झोका कोण देणार?” शर्टांना बटणं लावणाऱ्या आईची सुई थांबली. लहानपणी धाकट्या बहिणीच्या झोळीची दोरी अशीच तिच्या हातात होती. धाकटी पुढे या बाईंकडे गेली, ठोकळे रचता रचता शाळेत रमली आणि आता इमारतींचे नकाशे काढते. “तू कुठे गेली होतीस बालवाडीत? अडलं का काही?” आजीने आईला विचारलं. “अडलं की, आई. एकदम पहिलीत बसवलंस, तर खडू धरता येईना. सगळे हसले. मी परत गेलेच नाही.” आईने लेकीच्या मुठीतून दोरी सोडवली, स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधली आणि झोका दिला. “जा गं, बाई थांबल्यात. बटणांना हातच लागतात, पाय रिकामेच आहेत.”