छंदाचा खर्च

"पैसा कोणी दिला?" फौजदारांनी तिसऱ्यांदा विचारलं.

निजाम कंदीलवाल्याने पुन्हा घाम पुसला. बेचाळीस सालचा सप्टेंबर. चार दिवसांपूर्वी गावाबाहेर कुणीतरी आगगाडीचे रूळ उखडले होते, आणि आज झडतीत त्याच्या माळ्यावर रूळच सापडले. पितळी पट्ट्यांचे, दोन बोटं रुंद, फळीवर गोल बसवलेले. वर किल्ली दिली की धावणारं इंजिन, पत्र्याचे पाच डबे, ठेंगणं नंदुरबार स्टेशन. आणि एक वही. तिच्यात खऱ्या स्टेशनाची मापं, पुलाचे खांब, सिग्नल कुठून दिसतो ते.

"छंद शे साहेब मन्हा. डबा, स्टेशन मन्हा हातना शेतस."

"इंजिन विलायती आहे. पितळ सुरतेचं. किती खर्च आला?"

निजामची नजर आतल्या दाराकडे गेली. पडद्याखाली साबिराची पावलं दिसत होती. तिला त्याने दहा रुपये सांगितले होते.

"दहा... पंधरा रुपया."

"पंधरा रुपयांत या इंजिनाची चाकंसुद्धा यायची नाहीत." फौजदारांनी वही मिटली. "पुलाचे खांब कुणाच्या पैशाने मोजलेस, ते चौकीवर सांग."

हवालदाराने बेडी काढली.

"एकशे दहा," तो म्हणाला. "मन्हाच पैसा. कोन्ही दिधा नही."

"कुठून आणलास?"

पडद्याखालची पावलं हलली नाहीत.

"बायकोना चांदीना तोडा इकात. शहादाना सराफले."

हवालदाराचा हात थांबला. "विकलेस? अरे, ते तोडे तर चोरीला गेले होते ना? तूच आला होतास चौकीवर. तुझ्याकडे भांडी घासणाऱ्या त्या दिवलीबाईला दोन दिवस बसवून ठेवलं आम्ही."

"चोरी नही गयात," निजाम म्हणाला. आवाज इतका बारीक झाला की फौजदारांना पुढे वाकावं लागलं. "मीच इकात."

हवालदाराने बेडी परत कमरेला लावली. त्याला कुणाकडे पाहावं ते कळेना.

फौजदार उठले. वही त्यांनी बगलेत मारली. "सराफाला विचारतो. तोवर गाव सोडायचं नाही."

ते गेले तरी निजाम भिंतीला टेकून उभाच राहिला. साबिरा बाहेर आली. तो काही बोलणार, तोच तिने डोक्यावर चादर ओढली आणि चपला घातल्या.

"दिवलीबाईनं घर कोठे शे?"

"माहीत नही."

"चार वरीस भांडा घासात तिनी आपला घरमा."

साबिरा उंबरा ओलांडून रस्त्यावर आली. डावीकडे जायचं की उजवीकडे, हे तिलाही ठाऊक नव्हतं.