मावळू न दिलेला सूर्य

हणमंतरावांनी तेल्या रोगानं डागाळलेली डाळिंबाची फांदी द्वारकाच्या नर्सरीतल्या टेबलावर आपटली.

"नवी बाग गेली सगळी! कसली रोपं दिलीस?"

"उलट्या वेळेची," द्वारका म्हणाली. "झाडालाही वेळ कळते. पहाटे दवातून तेल्याचे जंतू पानात शिरतात, म्हणून झाड त्याआधीच सावध होतं. तुमची रोपं मी दिवसा अंधारात आणि रात्री उजेडात वाढवली. तुमची पहाट त्यांना संध्याकाळ वाटत होती."

"मुद्दाम केलंस?"

"हो. फळं लवकर वाढावीत म्हणून तुम्ही बागेवर तरंगत ठेवलेला तो विकतचा सूर्य, तो भलामोठा दिवा, रात्रभर शेजारच्या माझ्या बागेवरही तळपायचा. तुमच्या रोपांची ही नवी जात रात्रीशिवायही आपली वेळ धरून ठेवते. माझ्या साध्या झाडांना पहाट कळेनाशी झाली आणि तेल्यानं ती खाल्ली. हात जोडले होते मी, रात्री तेवढा विझवा म्हणून. तुम्ही हसलात."

"पोलिसांत देतो तुला!"

"द्या की. पण हेही सांगा त्यांना. थोड्या रात्री काळोख मिळाला असता, तर रोपांनी आपली वेळ आपणच सुधारली असती. मी रोज संध्याकाळी कुंपणाशी उभी राहून बघायचे. तुम्ही एकदाही सूर्य मावळू दिला नाहीत."